खुलताबादच्या डोंगरावर दोन व्याही

माझं लग्न देवगाव रंगारीला आमच्या दारात लागलं, आणि ते लागत असताना मंगलाष्टकातला एक शब्दही कुणाला ऐकू आला नाही. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गावातलेच सनई-हलगीवाले सांगून ठेवले होते. सासरच्यांनी छावणीतून ब्रासबँड आणला होता. लाल कोट, पिवळ्या दोऱ्या, डोक्यावर टोप्या, सगळा थाट. आबा म्हणाले, "आमच्या दारात आमच्या गावचं वाजंल." माझे सासरे म्हणाले, "एवढ्या लांबून बँड आणलाय, तो काय मांडवात बसवून ठेवायला?" दोघंही हट्टाला पेटले. शेवटी दोन्ही वाजलं, एकदमच. भटजींचे नुसते ओठ हलताना दिसत होते. अक्षता कधी टाकायच्या ते लोकांनी एकमेकांच्या हाताकडं बघून ठरवलं.

त्या दिवसापासून आबा आणि मामा बोलले नाहीत. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या, मीही तसंच म्हणायची. मामा छावणीत लष्कराच्या स्टोअरमध्ये नोकरीला होते. कडक इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, आणि ऊन असो नसो, हातात काळी छत्री. आबा शेतकरी. धोतर, डोक्याला रुमाल, खांद्यावर उपरणं आणि पायात गावच्या चांभारानं केलेल्या जाड वहाणा. दोघंही तसे मऊ स्वभावाचे. छावणीच्या घरात मामा कधी माझ्यावर आवाज चढवून बोलले नाहीत. उन्हातून आले की स्वतःच्या हातानं माठातलं पाणी घ्यायचे. आणि आबांचा मऊपणा तर गावात सगळ्यांना माहीत होता. पण एकमेकांचं नाव निघालं की दोघांचेही ओठ मिटायचे. मी माहेरी निघाले की मामा म्हणायचे, "घरच्यांना नमस्कार सांग." घरच्यांना, म्हणजे कुणाला, ते त्यांनी कधी उघड केलं नाही.

मुलगा झाला तो माहेरी. बाळंतपण अवघड गेलं. बारशाला आत्या आल्या, हे आले, मामा आले नाहीत. नंतर मला छावणीला पोचवायला आबांनी यावं तर त्यांनी माझ्या भावाला पाठवलं. मी बाळाला घेऊन घरात पाऊल टाकलं तेव्हा मामा दारातच उभे होते. त्यांनी बाळाला हातात घेतलं, खिडकीपाशी उजेडात नेलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "नाक कुणावर गेलंय हे?"

 नाक सरळ आबांचं होतं.

माझ्या बाळंतपणात मायनं नवस बोलला होता, की दोघं सुखरूप सुटले तर पोराला खुलताबादच्या भद्रा मारुतीच्या पायावर घालीन. आता नवस माहेरचा, पोरगं सासरचं. आत्यांनीच यातून वाट काढली. त्या मामांना म्हणाल्या, "खुलताबाद काय कुणाच्या घरचं नाही. आपण इकडून जाऊ, ते तिकडून येतील. तुम्ही बोलू नका, पण चला." तिकडं मायनंही आबांना तेच सांगितलं असणार, कारण पोळा झाल्यावर येणारा शनिवार दोन्हीकडून पक्का झाला.

छावणीतून निघालो तेव्हा आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस नव्हता. एस.टी. दौलताबादच्या किल्ल्याला वळसा घालून घाटाला लागली. त्या वाटेवर जुन्या तटाचा दरवाजा आहे, आणि एस.टी. त्यातून जाताना दोन्ही बाजूंचे दगड खिडकीला घासतील असं वाटतं. आत्यांनी बाळाचं डोकं पदराखाली घेतलं. वर डोंगर सगळे हिरवे झाले होते. मला दर वेळी वाटायचं, खुलताबाद आधी अंगाला लागतं आणि मग डोळ्यांना दिसतं, कारण घाट चढला की हवा एकदम गार होते. मग चिंचेची झाडं, पडके तट, पांढरे घुमट आणि त्यांच्या मधूनच कुणाची तरी वाळत घातलेली धुणी.

आबा आणि माय स्टँडवर आमच्या आधीच येऊन बसले होते. त्यांची गाडी वेरूळच्या बाजूनं घाट चढून आली होती. मायनं बाळाला माझ्याकडून जवळजवळ ओढूनच घेतलं. ह्यांनी आबांना वाकून नमस्कार केला. मामा एस.टी.च्या टपावर बांधलेल्या सायकलीकडं बघत राहिले, आबा आपल्या वहाणेचा अंगठा बघत राहिले.

मारुतीला गर्दी होती, पण श्रावणातल्या शनिवारी असते तशी नव्हती. हा मारुती निजलेला. इतर ठिकाणी देव उभा असतो, इथं आडवा, शेंदरानं माखलेला. मायनं बाळाला त्याच्या पायाशी ठेवलं. बाळानं इकडं तिकडं पाहिलं, एक जांभई दिली आणि तिथंच झोपून गेलं. पुजारी हसला. म्हणाला, "देवाचंच बघून निजलंय. राहू द्या घटकाभर." बाळाच्या एका बाजूला आबा उभे होते, दुसऱ्या बाजूला मामा. दोघंही खाली बघत होते, दोघांच्याही चेहऱ्यावर एकसारखंच हसू होतं, आणि मान वर केल्यावर एकमेकांना दिसेल म्हणून दोघंही मान वर करत नव्हते.

नवस फिटला तेव्हा सकाळच होती. लगेच परतायचं कुणाच्याच मनात नव्हतं. हे म्हणाले, "सुलीभंजनला जाऊ, डोंगरावर. बरोबर भाकरी आहेत, वर बसून खाऊ." चौकात एक म्हातारा टांगेवाला उभा होता, पांढरी दाढी, अंगात जुनं जाकीट. त्यानं आम्हा सगळ्यांवर एकदा नजर फिरवली आणि म्हणाला, "जनाना पीछे बैठेंगे, बुजुर्ग लोग आगे. जवान आदमी पैदल आएगा." म्हणजे हे चालत. मागं मी, माय, आत्या आणि बाळ. पुढं टांगेवाला मधोमध, त्याच्या एका अंगाला आबा आणि दुसऱ्या अंगाला मामा. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

आता एक सांगायला पाहिजे. आबा आणि मामा दोघंही निजामाच्या राज्यात शाळेत गेलेले. त्या वेळी शाळा म्हणजे उर्दू. पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं, पुढं सगळं मराठीत झालं, पण त्या पिढीच्या जिभेवरून ती भाषा काही गेली नाही. आबा बाजारात बैलाचा सौदा करताना दखनीत, म्हणजे इकडच्या बोलीतल्या उर्दूत, शिरायचे. मामा तर रागावले की उर्दूतच रागवायचे. टांगेवाला बोलका निघाला. तो आबांना विचारायचा, आबा सांगायचे. मग तो तेच मामांना विचारायचा.

"आप क्या करते साब?"

"मिल्ट्री के स्टोअर में हूं."

"और ये आपके कौन?"

मामांनी थोडा विचार केला. "समधी हैं," ते म्हणाले.

मागं आम्ही तिघी कान टवकारून बसलो होतो. समधी म्हणजे व्याही. मायनं माझ्या गुडघ्याला बोटानं टोचलं.

वाटेत एका दर्ग्यापाशी टांगेवाल्यानं घोडा थांबवला. आम्ही सगळे उतरलो. हेही तोवर चालत येऊन पोचले होते. अंगणात मोठं झाड, त्याच्याखाली स्वच्छ झाडलेली फरशी, आणि दाराच्या चौकटीवर दगडात कोरलेल्या ओळी. मामा चष्मा पुसून पुढं झाले आणि मोठ्यानं वाचायला लागले. दोन शब्द झाले आणि अडकले. मागून आबांनी पुढचा शब्द उच्चारला, मामांकडं न बघता, भिंतीला सांगितल्यासारखा. मामांनी तो उचलला आणि पुढं गेले. पुन्हा अडकले. आता आबाही अडकले. दोघं माना वाकड्या करून बराच वेळ त्या दगडाकडं बघत राहिले. मग मामा टांगेवाल्याला म्हणाले, "मियां, तुम पढो."

म्हातारा म्हणाला, "ये उर्दू नइ साब, फारसी है. मेरेकू बी नइ आती."

आत्या पदर तोंडाला लावून बाजूला झाल्या. ह्यांनाही हसू आवरेना. आबा आणि मामा मात्र गंभीर चेहऱ्यानं पुन्हा टांग्यात जाऊन बसले.

सुलीभंजनच्या पायथ्याला तळं आहे, परियों का तालाब म्हणतात. त्या वर्षी ते काठोकाठ भरलेलं होतं. टांगा तिथं झाडाखाली थांबला, घोड्याला चारा टाकून म्हातारा तिथंच आडवा झाला. आम्ही डोंगर चढायला लागलो. वाट ओली होती, पण चढ फार नव्हता. माय शेतातली बाई, ती बाळाला कडेवर घेऊन सगळ्यांच्या पुढं. आत्यांना दम लागत होता, त्या माझ्या खांद्याला धरून चालत होत्या आणि मधेच थांबून म्हणायच्या, "किती हिरवं आहे ना गं." छावणीत त्यांच्या खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसायची, तेवढीच.

वर दत्ताचं देऊळ. देवळाच्या ओट्यावर आम्ही शिदोऱ्या सोडल्या. मायनं बाजरीच्या भाकरी, ठेचा आणि दही आणलं होतं, आत्यांनी पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी. आत्या भाकरी-ठेचा खात होत्या, मायनं सगळ्या पुऱ्या संपवल्या. आबा एका खांबाला टेकून जेवले, मामा दुसऱ्या खांबाला.

जेवण झाल्यावर मामा छत्री घेऊन उठले. म्हणाले, "त्या कडेवरून वेरूळ दिसतं म्हणतात. बघून येतो." ते गेल्यावर थोड्या वेळानं आबाही उठले. "गवत कसं आलंय बघतो," म्हणाले, आणि बरोबर उलट्या दिशेला निघून गेले.

मग धुकं आलं. खालच्या दरीतून वर चढत आलं, आधी कडेची झुडपं गेली, मग समोरचं झाड, मग देवळाची पायरी. बाळ माझ्या मांडीवर होतं आणि त्याच्यापलीकडं मला काही दिसत नव्हतं. बारीक पाऊस सुरू झाला. आम्ही देवळात सरकून बसलो आणि वाट बघायला लागलो. बराच वेळ झाला, दोघांतलं कुणीच येईना. ह्यांनी ओट्यावर उभं राहून हाका मारल्या. वाऱ्यानं त्या कुठल्या कुठं नेल्या. शेवटी हे स्वतः निघाले, तर आत्यांनी त्यांचा हात धरला. "तू गेलास की मग तुला शोधायला कोण?"

बाळ रडायला लागलं. मला कड्याची भीती वाटत होती, पण ती बोलून दाखवायची हिंमत नव्हती. आत्याच म्हणाल्या, "दोघं एकत्र असते तर एवढी काळजी नव्हती हो."

माय म्हणाली, "एकत्र असते तर लईच काळजी होती, विहीणबाई."

आत्यांना इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. मग त्या रडतायत की हसतायत तेच कळेना, आणि मायनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला. तशा त्या दोघी बसून राहिल्या.

आधी ऐकू आला तो खोकला. मग मामांचा आवाज, आणि कुणाचं तरी हसणं. धुक्यातून एक काळी छत्री पुढं आली. तिच्याखाली दोन माणसं होती. आबांचं उपरणं गाठोडं होऊन त्यांच्या खांद्यावर लटकत होतं. मामांचे बूट मामांच्या हातात होते, आणि मामांच्या पायात आबांच्या वहाणा. आबा अनवाणी.

ओट्यावर पाय ठेवताना मामा त्यांना म्हणाले, "सांभाळून पाव्हणं, इथं शेवाळ आहे."

आम्ही नुसतं सरकून दोघांना जागा दिली. बोललो असतो तर मोडलं असतं असं मला वाटलं.

काय घडलं ते मला पुढं दोघांकडून वेगवेगळं कळलं. मामांचं म्हणणं, ते कडेवर उभे होते, धुकं आलं, त्यांनी परतीची वाट धरली पण ती भलतीकडंच निघाली. बुटाचे तळ ओल्या दगडावर घसरायला लागले, तेव्हा ते एका जागी बसून राहिले आणि कुणी गुराखी असेल म्हणून त्यांनी हाक दिली, "कोई है क्या?" धुक्यातून उत्तर आलं, "हव, है. वहींच बैठो. मैं आता." मामा बसून राहिले. तो आवाज मधे मधे सांगायचा, "बोलते रहो, साब." मग मामा काय बोलणार, त्यांनी त्या गुराख्याला आपलं सगळं सांगायला सुरुवात केली. छावणीतून आलोय, नातवाचा नवस होता, फार गुणी पोरगं आहे, सूनही चांगली मिळाली. "और समधी?" आवाजानं विचारलं. मामा म्हणाले, "आदमी अच्छा है. सिर्फ जिद्दी है." आणि धुक्यातून आबा बाहेर आले.

आबांचं म्हणणं वेगळं. ते म्हणायचे, मी आवाज तवाच वळखला होता, पण मराठीत वो द्यायला जीभ उचलंना. दखनीत कसं सोपं गेलं. "त्यो मला जिद्दी म्हन्ला, ते काय खोटं नव्हतं. पर चांगला बी म्हन्ला." आणि मग ते नेहमी पुढं जोडायचे, "वाट मी नव्हतो चुकलो. तुझा सासरा चुकला व्हता." मामांना विचारावं तर ते म्हणायचे, "ते वाट चुकले नव्हते, तर गवत बघायला गेलेला माणूस कड्याकडं काय करत होता?"  मला वाटतं, धुकं आलं तेव्हाच आबा मामांना शोधायला निघाले असावेत. पण तसं त्यांनी कबूल केलं नाही, आणि मीही कधी नेटानं विचारलं नाही.

उपरण्यात कर्टुली होती. परत येताना कुंपणासारख्या झुडपांवर वेल दिसला, काटेरी हिरवी फळं लगडलेली. आबा तोडायला थांबले तर मामांनी छत्रीच्या वाकड्या मुठीनं वरच्या फांद्या खाली ओढून दिल्या. छावणीच्या बाजारात ही भाजी मामांनी पाहिली होती, पण ती वेलाला लागते की झाडाला हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ते कळल्याचा त्यांना फार आनंद झाला होता. "अगं, वेलाला लागतात," त्यांनी आत्यांना देवळातच सांगितलं. आत्यांचं माहेर खेड्यातलं. त्या म्हणाल्या, "हो का?"

धुकं जरा विरलं तसे आम्ही उतरायला निघालो. देवळाच्या मागच्या बाजूला एक दगड आहे, त्यावर लहान दगडानं ठोकलं की घंटेसारखा नाद येतो. बाळाला दाखवायचं म्हणून आबांनी तो वाजवला. मग मामांनी वाजवला. बाळ रडायचं थांबलं आणि डोळे मोठे करून बघायला लागलं. मग काय, दोघंही आळीपाळीनं वाजवत बसले. शेवटी ह्यांनीच सांगितलं, "चला आता, टांगेवाला निघून जाईल."

टांगेवाला कुठला निघून जातोय. तो तळ्याकाठी गाढ झोपला होता. त्याला उठवलं, तो आपल्या जागी बसला. पण आता आबा आणि मामा त्याच्या दोन्ही अंगांनी एकमेकांशी बोलत होते, तेही त्याच्या नाकासमोरून, कपाशीवर, पावसावर, निजामाच्या वेळच्या मास्तरांवर. दोघांचेही मास्तर छडीनं मारायचे, दोघांनाही ती छडी कशाची होती ते आठवत होतं. थोडं अंतर गेल्यावर म्हाताऱ्यानं लगाम आवळला, खाली उतरला आणि म्हणाला, "साब, मैं बाजू में बैठता. आप लोगां आराम से बातां करो."

गावात आलो तेव्हा ऊन पडलं होतं. मुघल बादशहाची कबर जवळच होती, ती बघितली. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी, आणि वर छत नाही, मातीत हिरवं रोप लावलेलं. आबांनी हात जोडले नाहीत. बाहेर आल्यावर फक्त म्हणाले, "जागा गार हाये." मग स्टँडसमोरच्या हॉटेलात भजी आणि चहा झाला. कर्टुल्यांचे दोन वाटे झाले. मामांनी मोठा वाटा आबांकडं सरकवला, आबांनी तो परत सरकवला, आणि क्षणभर मला भीती वाटली की आता यावरून पुन्हा सुरू होतंय. पण मायनं दोन्ही वाटे एकत्र करून आत्यांच्या पिशवीत घातले आणि तो विषय संपला.

देवगावकडं जाणारी गाडी आधी आली. आबा चढताना मामा म्हणाले, "दिवाळीला या छावणीला. पोराच्या पहिल्या दिवाळीला यायलाच पाहिजे."

आबा म्हणाले, "येतो. बँड नका लावू म्हंजी झालं."

मामा हसले. कंडक्टरनं घंटी मारली.

आबा दिवाळीला आले. मामाही पुढं देवगावला जाऊन राहिले, वावरात फिरले, ज्वारीचा हुरडा खाल्ला. लग्नातल्या वाजंत्रीवरून ते दोघं जन्मभर भांडले, पण ते भांडण आता त्यांच्या करमणुकीचं झालं होतं. पाहुणे जमले की मुद्दाम काढायचे, आणि सनई बरी की बँड बरा यावर इतरांना साक्षीला बोलवायचे.

पण एकमेकांच्या घरापेक्षा त्यांना खुलताबाद जास्त आवडायचं. पोळा झाला की एका शनिवारी मामा इकडून निघायचे, आबा तिकडून. आम्हाला कुणालाच बरोबर न्यायचे नाहीत. कधी म्हैसमाळला जायचे, कधी वेरूळच्या धबधब्याला, कधी नुसतेच तळ्यावर बसायचे. आत्या म्हणायच्या, "बाई, मी जुळवून दिलं आणि मलाच वगळलं." पण त्या दिवशी मामांचा डबा भरताना त्या एक भाकरी जास्त ठेवायच्या.

पुढं मामांचे गुडघे गेले आणि आबांना दम लागायला लागला. डोंगर सुटला, तळंही लांब पडायला लागलं. शेवटची काही वर्षं तर ते फक्त स्टँडवर उतरायचे, समोरच्या हॉटेलात बसायचे, चहा घ्यायचे, आणि संध्याकाळच्या गाडीनं आपापल्या दिशेनं परत जायचे. मुलगा तोवर कॉलेजात होता. त्यानं एकदा मामांना विचारलं, "आजोबा, एवढ्या लांब जाऊन तुम्ही बघता तरी काय?"

मामा बूट काढत होते. म्हणाले, "डोंगर समोरच दिसतो की तिथून." आणि आत्यांना हाक मारून त्यांनी चहा टाकायला सांगितला.